खंडोजी डावीकडे वळला की गप्प का होतो?

बार्शीच्या बारबोल्यांकडचा खंडोजी डावीकडे वळला की गप्प व्हायचा. समोर बघत असला की बोलायचा, उजवीकडे वळला तरी बोलायचा. मान वर करून छताकडे बघितलं तर जरा जास्तच बोलायचा, कारण छतावरच्या जळमटांबद्दल त्याची काही ठाम मतं होती. पण मान डावीकडे गेली की आवाज बंद. छातीवरचा हिरवा दिवा लुकलुकत राहायचा, हातवारे चालू राहायचे, शब्द मात्र एकही नाही.

खंडोजी हा यंत्रमानव. ही गोष्ट ज्या काळातली आहे, त्या काळात घरात मिक्सर असावा तसा यंत्रमानव असायचा, आणि मिक्सरपेक्षा थोडा कमी आवाज करायचा. बारबोल्यांकडे तो खंडेनवमीच्या दिवशी आला, म्हणून त्याचं नाव खंडोजी ठेवलं. कंपनीने दिलेलं नाव लांबलचक होतं आणि त्यात आकडेही होते. शाल्मलीच्या आईचं म्हणणं पडलं की ज्याला हाक मारताना आपल्याला धाप लागते, तो आपल्याला काय मदत करणार.

शाल्मली सहावीत होती. तिला विनोद सांगायचा नाद होता, आणि तिच्या विनोदांना हसणारा घरात एकच जण होता. खंडोजी. तो जरा उशिरा हसायचा, पण मनापासून हसायचा. कधी कधी तोही एखादा विनोद सांगायचा. गडबड पहिल्यांदा लक्षात आली ती अशाच एका विनोदात.

एक वाघ केशकर्तनालयात गेला, असं खंडोजी सांगत होता. न्हावी वस्तरा घेऊन पुढे आला आणि म्हणाला, बसा महाराज, दाढी की कटिंग? वाघ खुर्चीत बसला, त्याने डावीकडे न्हाव्याकडे पाहिलं आणि म्हणाला... इथे खंडोजीने वाघासारखी मान डावीकडे वळवली. हिरवा दिवा लुकलुकला, दोन्ही हात पसरले, आणि खंडोजी पुन्हा समोर बघून हसण्याची वाट पाहू लागला.

कोणीच हसलं नाही. वाघ काय म्हणाला ते कोणाला ऐकूच आलं नव्हतं.

शाल्मलीने पुन्हा सांगायला सांगितलं. खंडोजीने नम्रपणे नकार दिला. त्याच्या मते त्याने विनोद पूर्ण सांगितला होता. लोक हसले नाहीत हा लोकांचा प्रश्न, आणि एकदा पडलेला विनोद परत सांगणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं.

मग घरातल्या प्रत्येकाने आपापलं निदान केलं. बाबा म्हणाले, त्याच्या आज्ञावलीत (यंत्राने काय करायचं ते सांगणाऱ्या सूचनांत) घोटाळा झालाय. आईला वाटलं, तो रुसलाय. शिवाय दसऱ्यापासून त्याच्या मानेजवळ नारळाच्या वडीचा वास येतो, म्हणजे आपल्या पाठीमागे स्वयंपाकघरात काहीतरी चालू आहे. कंपनीच्या बाईंनी पडद्यावर येऊन सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की खंडोजीची भाषा थकली आहे. मान बदलावी लागेल, पण नुसती मान मिळत नाही. तेव्हा शनिवारी दुपारी गाडी येईल, नवा यंत्रमानव देईल आणि जुना घेऊन जाईल.

जुन्याचं काय करता, असं शाल्मलीने विचारलं.

"वितळवतो," बाई म्हणाल्या. "अगदी काळजीपूर्वक."

शाल्मली त्या दिवशी जेवली नाही. म्हणजे भात खाल्ला, पण मठ्ठा घेतला नाही. तिच्या बाबतीत हे उपोषणच होतं.

शनिवारी सकाळी ती अण्णांच्या खोलीत गेली. अण्णा म्हणजे तिचे आजोबा. त्यांनी सगळं आयुष्य उपग्रहांच्या पोटातल्या तारा जोडण्यात घालवलं होतं. आता त्यांचे हात थरथरत. चहा घेऊन ते येत असले की आधी कपबशी ऐकू येई आणि नंतर अण्णा दिसत. पण डोकं जागच्या जागी होतं. आपला टीव्ही बंद पडला की आपण त्याला एक थाप मारतो, ते सांगायचे, पण उपग्रहाला थाप मारायला वर कोणी नसतं, म्हणून तिथली तार पहिल्यांदाच नीट जोडावी लागते.

शाल्मलीने सगळी हकीकत सांगितली. अण्णांनी विचारलं, "भाषा थकली असेल, तर ती डावीकडेच का थकते?"

शाल्मलीला प्रश्न बरोबर आहे एवढं कळलं. थकलेला माणूस सगळ्याच दिशांना थकलेला असतो.

दोघांनी खंडोजीला दिवाणखान्यात स्टुलावर बसवलं आणि बाराखडी म्हणायला लावली. समोर बघून क, का, कि, की झालं. मान हळूहळू डावीकडे वळली आणि कु पाशी आवाज गेला. तेव्हा शाल्मलीने सहज त्याच्या मानेमागच्या फटीत बोट घालून आतल्या तारांचा जुडगा जरा वर ढकलला. आवाज परत आला. बोट काढलं, आवाज गेला. बोट घातलं, आला. खंडोजी कं आणि कः मध्ये तीनदा अडकला आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

"लूज कॉन्टॅक्ट," शाल्मली म्हणाली.

अण्णांनी मान डोलावली. खंडोजीच्या डोक्यातून येणाऱ्या तारा आणि धडातून येणाऱ्या तारा मानेत एका कपलरने (तारांचे दोन जुडगे एकमेकांत बसवणाऱ्या प्लास्टिकच्या जोडडबीने) जोडलेल्या असतात. एका अर्ध्या भागात धातूच्या खुंट्या, दुसऱ्यात धातूच्या खोबणी. खुंटी खोबणीत घट्ट बसली की वीज सुखाने इकडून तिकडे जाते. मान डावीकडे वळली की तारा ताणल्या जातात, आणि त्यातली एखादी खुंटी आधीच सैल असेल, तर नेमकी तेवढ्याच वेळी तिची साथ सुटते. उजवीकडे वळताना तारा सैल पडतात, म्हणून काही होत नाही.

"आणि वडीचा वास?" शाल्मलीने विचारलं.

अण्णांनी टॉर्च मागितला. तिने मानेचं मागचं झाकण उघडून उजेड पाडला. कपलर अगदी खोल, दोन पट्ट्यांच्या मध्ये दडपून बसवला होता. त्याच्यावर हिरवट पापुद्रा होता, मधेच चिकट तपकिरी ओघळ होता, आणि सगळ्यावर पिवळी धूळ होती. शाल्मलीने बोटावर घेऊन वास घेतला.

ती हळद होती.

इथे बारबोल्यांच्या घरातली एक पद्धत सांगायला हवी. खंडेनवमीला आपल्याकडे अवजारांची पूजा होते. बाबांचा संगणक, आईची शिलाईची मशीन, अण्णांची पक्कड, अंगणातली बंद पडलेली स्कूटर, सगळ्यांना हळदकुंकू आणि फूल. खंडोजी तर त्याच दिवशी घरी आलेला, म्हणजे त्याचा वाढदिवसच. म्हणून त्याला पाटावर बसवून मानेपर्यंत हळदकुंकू वाहायचं आणि नारळ फोडून त्याचं पाणी डोक्यावर शिंपडायचं, असा मान दरवर्षी दिला जाई. यंदा शिंपडायचं काम शाल्मलीकडे होतं. तिने हात आखडता घेतला नव्हता.

नारळपाण्यात क्षार असतात, अण्णांनी सांगितलं. क्षाराचं पाणी आणि वीज एकत्र आली की तांब्यावर हिरवा गंज चढतो. गंजातून वीज नीट जात नाही. म्हणजे वाटेत रोध (विजेला होणारा अडथळा) वाढतो. अरुंद बोळात गर्दी घुसली की धक्काबुक्की होऊन सगळे तापतात, तशी रोध असलेली जागा तापते. लाल तारेतून खंडोजीची मुख्य वीज वाहते, त्या तारेची खुंटी तापली. आणि नारळपाण्यात साखरही असते.

"म्हणजे गेले पंधरा दिवस खंडोजीच्या मानेत वडी शिजतेय," शाल्मली म्हणाली.

खंडोजी उशिरा हसला. मग म्हणाला की हे ऐकून त्याला हसू आलं असलं, तरी त्याने हसावं की नाही याबद्दल त्याला खात्री नाही.

नवा कपलर कुठून आणायचा हा प्रश्न होता. अण्णांच्या डब्यात नव्या थिंबल (तारेच्या टोकाला आवळून बसवायचे धातूचे छोटे तुकडे) होत्या, पण त्या बसवायला लागणारं प्लास्टिकचं घर नव्हतं. अण्णा म्हणाले की कपलर बनवणारे फार काही नवीन शोधत बसत नाहीत. खंडोजीच्या मानेत जी डबी आहे, तशीच अंगणातल्या जुन्या स्कूटरच्या दिव्यामागे आहे. आधी ती काढ. तिथे चुकलीस तर कोणी वितळणार नाही.

शाल्मली अंगणात गेली, तारांना धरलं आणि ओढलं. कपलर हलला नाही. आणखी जोर लावला. अण्णांनी तिचा हात धरला, म्हणजे तिचा हातही थरथरायला लागला, आणि ती थांबली.

"तार धरून ओढलीस तर तार हातात येते, कपलर तिथेच राहतो," ते म्हणाले. "तो अडकलेला नाही. त्याला कडी घातलेली आहे."

खरंच डबीच्या पाठीवर प्लास्टिकची एक लवचीक जीभ होती, आणि ती समोरच्या दातावर अडकलेली होती. हा खटका (कपलर आपोआप सुटू नये म्हणून केलेली सोय). शाल्मलीने तो नखाने दाबला. दबला नाही. जेवढं ओढावं तेवढा तो घट्ट.

ती बघत बसली. मग तिला न्हाणीघराचं दार आठवलं. पावसाळ्यात फुगल्यापासून त्याची कडी नुसती ओढून निघत नसे. दार आधी आपल्याकडे घट्ट ओढून धरायचं, कडीवरचा ताण जायचा, आणि मग ती एका बोटाच्या जोराने सरकायची. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पाहुण्यांना सोडून.

तिने कपलरचे दोन्ही भाग एकमेकांकडे ढकलले. सुटायचंय म्हणून आधी आणखी आत. खटका सैल झाला. तसंच धरून तिने तो दाबला आणि आता डबीलाच धरून, तारांना नव्हे, हलकेच मागे ओढलं. टक. दोन भाग दोन हातांत.

अण्णांनी खिशातून आवळ्याची सुपारी काढून तिला दिली. उपग्रह वर गेला की ते सहकाऱ्यांना हीच देत असत.

स्कूटरच्या डबीतल्या थिंबल काढणं सोपं होतं. प्रत्येक थिंबलच्या पाठीवर एक बारीक कल्ला (माशाच्या कल्ल्यासारखी उचललेली पाती) असतो. समोरून सुई घालून तो दाबला की ती मागून अलगद बाहेर येते. मोकळं घर मिळालं, शाल्मलीने ते धुऊन, पुसून, उन्हात वाळवलं.

आता खंडोजी. बटण बंद करायचं, पोटातली बॅटरी काढायची आणि मग त्याला पालथं झोपवायचं. विजेच्या वस्तूच्या आत हात घालण्याआधी वीज बाहेर, हा अण्णांचा पहिला नियम होता (सकाळी फटीत बोट घालताना तो दोघेही विसरले होते), आणि मोठं माणूस शेजारी, हा दुसरा. दुसरा नियम स्वतः अण्णाच होते.

खंडोजीने विचारलं की शस्त्रक्रिया कोण करणार. अण्णांनी आपले हात पुढे करून दाखवले. खंडोजी ते पाहून म्हणाला, "मग ताईच बऱ्या. मी बंद असताना माझ्याबद्दल कोणाला काही बोलायचं असेल, तर आत्ताच बोलून घ्या."

शाल्मलीने बटण दाबलं. बॅटरी काढल्यावरही छातीवरचा दिवा थोडा वेळ मंद तेवत राहिला. आतल्या धारित्रात (थोडीशी वीज साठवून ठेवणाऱ्या भागात) उरलेली वीज संपेपर्यंत थांब, असं अण्णांनी सांगितलं. दिवा विझला. घर एकदम रिकामं वाटायला लागलं.

तिने आधी कपलरचा फोटो काढला. कोणती तार कुठे होती हे नंतर डोक्यात राहत नाही. मग दोन्ही भाग एकमेकांकडे ढकलले. खटका पट्टीच्या बाजूला होता, तिथे बोट पोचत नव्हतं. म्हणून तिने आईची क्रोशाची सुई उलटी आत सरकवून तिच्या बोथट टोकाने दाबला. चिकटलेला कपलर जरा डावी-उजवीकडे हलवत मागे घेतला. तो सुटला.

सुटला, आणि डोक्याकडच्या भागाचा भुगा झाला. तापून तापून प्लास्टिक ठिसूळ झालं होतं. शाल्मलीच्या हातात तारांची मोकळी टोकं लोंबकळत राहिली.

अण्णांचा बेत होता, एक तार काढायची, तिच्या नव्या जागी घालायची, मगच दुसरी. तो बेत आता फरशीवर पडला होता. तरी घाबरायचं कारण नव्हतं. झाकणाच्या आत चिकटवलेल्या आकृतीत क्रम दिलेला होता: लाल, पिवळी, काळी, पांढरी, निळी. शाल्मलीने टोकं पसरली. लाल होती, काळी होती, निळी होती.

आणि दोन पिवळ्या होत्या.

फोटोत पाहिलं. तिथेही दोन पिवळ्याच. पांढरी कुठेच नव्हती.

"हळद," अण्णा म्हणाले. ते पहिल्यांदाच खुर्चीत टेकून बसले. पिवळी तार आवाजाची, पांढरी मान फिरवणाऱ्या मोटरची. त्यांची अदलाबदल झाली तर मोटरची वीज आवाजाच्या नाजूक भागात शिरेल, आणि मग खंडोजी कोणत्याच दिशेला बोलणार नाही. तारांची दुसरी टोकं डोक्यात, कारखान्यात लाखबंद केलेली. मागोवा घ्यायला वाट नाही. शाल्मलीने एक तार फडक्याने घासून पाहिली. पिवळीच राहिली. घरातल्या प्लास्टिकच्या डब्यात एकदा वरण ठेवलं की तो डबा जन्मभर पिवळा राहतो, तशी.

घड्याळ दुपारकडे सरकत होतं. अण्णा म्हणाले की अंदाजाने तार त्यांनी आयुष्यात कधी जोडली नाही आणि आज सुरुवात करणार नाहीत.

शाल्मली खंडोजीच्या पाठीशी बसून आपल्या फ्रॉककडे बघत होती. खंडेनवमीच्या दिवशीचाच फ्रॉक. त्यावर हळदीचा एक डाग पडला होता. आईने साबण लावताक्षणी तो डाग लालभडक झाला होता, आणि आईही.

ती उठून धावली आणि कपड्यांचा साबण ओला करून घेऊन आली.

"अण्णा, हळद साबणाने लाल होते ना? पिवळं प्लास्टिक होत नाही."

अण्णा ताठ बसले. हळद हा दर्शक (रंग बदलून समोरच्या पदार्थाचा गुण सांगणारा पदार्थ) असतो. साबण आम्लारी (आंबटाच्या उलट गुणाचा, बुळबुळीत) असतो, आणि आम्लारी भेटला की हळद तांबडी होते. दोन्ही तारांना हळद लागली आहे, त्यामुळे दोन्ही लाल होतील, असं ते म्हणाले. मग स्वतःच म्हणाले की थांब, लाल झाली तरी पिवळीच्या खाली तिचा स्वतःचा पिवळा रंग उरेल, पांढरीच्या खाली पिवळं काहीच नाही.

शाल्मलीने धातूच्या टोकापासून लांब, तारेच्या आवरणावर साबणाचं बोट फिरवलं. पहिली तार जराशी विटकरी झाली आणि खालून पिवळी ती पिवळीच दिसत राहिली. दुसरी तार बोटाबरोबर तांबडी होत गेली, पूर्ण, कुंकवासारखी. तिच्यात स्वतःचं असं पिवळं काही नव्हतंच.

"ही पांढरी," ती म्हणाली.

"ही पांढरी," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी त्या तांबड्या तारेला कागदाची चिठ्ठी बांधायला लावली, कारण आता तिला पांढरी म्हणणारे जगात दोघेच होते.

पुढचं काम हाताचं होतं. दोन्ही तारा पुसून कोरड्या केल्या. गंजलेल्या थिंबल कापून टाकल्या, प्रत्येक तारेचं आवरण थोडंसं सोलून नवी थिंबल पकडीने आवळली. थिंबलचा एक कान उघड्या तांब्याला आवळायचा आणि दुसरा आवरणाला, म्हणजे वीज पहिला कान वाहतो आणि ताण दुसरा सोसतो. मग एकेक थिंबल नव्या घरातल्या आपापल्या कप्प्यात टक होईपर्यंत ढकलली आणि हलकेच ओढून पाहिली. तार ओढायची परवानगी फक्त इथेच असते, आणि तीही निघते का बघायला नव्हे, राहते ना याची खात्री करायला. समोरच्या भागातल्या खुंट्या स्पिरिट आणि टूथब्रशने चकचकीत केल्या. कपलरला एका बाजूला कड असते, त्यामुळे तो उलटा बसतच नाही. ज्याने कोणी हे शोधलं त्याला लहान मुलं असणार, असं अण्णांचं मत होतं. शेवटी तारांना थोडा जास्त झोल ठेवला, म्हणजे मान वळली तरी ताण नको.

टक. खटका बसला.

त्याच वेळी बाहेर कंपनीची गाडी थांबली. आईने दार उघडलं. बोधले नावाचे गृहस्थ नव्या यंत्रमानवाचं खोकं घेऊन आत आले आणि जुना कुठे आहे असं विचारू लागले. जुना फरशीवर पालथा होता आणि त्याच्या पाठीवर एक मुलगी बसून झाकण लावत होती.

शाल्मलीने त्याला उताणं करून बॅटरी बसवली. बटण दाबलं. हिरवा दिवा लागला.

खंडोजी उठून बसला. त्याने समोर पाहिलं, मग बोधल्यांकडे पाहिलं, मग आपली मान चाचपली. शाल्मली त्याच्या डाव्या बाजूला उभी होती. ती म्हणाली, "खंडोजी, त्या दिवशी वाघाचा विनोद कोणाला ऐकूच आला नव्हता. तुझा आवाज गेला होता. विनोद पडला नव्हता."

खंडोजीने यावर विचार केला. न ऐकलेला विनोद पडू शकत नाही, हे त्याला मान्य झालं. बोधले खोकं हातात धरून उभे होते. त्यांना उद्देशून त्याने पहिल्यापासून सुरुवात केली, वाघ, केशकर्तनालय, वस्तरा, दाढी की कटिंग. अण्णा तेवढ्यात सगळ्यांसाठी चहा घेऊन दारात आले आणि कपबशा किणकिणू लागल्या. वाघ खुर्चीत बसला. खंडोजीची मान डावीकडे वळू लागली. शाल्मलीने श्वास रोखला. आईनेही.

मान पूर्ण डावीकडे गेली, आणि खंडोजी मोठ्या, स्पष्ट आवाजात म्हणाला:

"वाघ म्हणाला, आधी वस्तरा खाली ठेव. तुझा हात थरथरतोय, मला भीती वाटते."

पहिल्यांदा अण्णा हसले. इतके हसले की चहा बशीत आला. मग आई, मग शाल्मली, आणि मग बोधल्यांनी खोकं खाली ठेवलं, कारण ते धरून हसता येत नव्हतं.

चहा पिताना बोधल्यांनी नारळपाण्याची गोष्ट पुन्हा पुन्हा विचारून घेतली. खंडेनवमीनंतर गप्प झालेले यंत्रमानव त्यांनी या भागातून बरेच नेले होते, आणि प्रत्येकाच्या कागदावर भाषा थकली असंच लिहिलं होतं. वाटेत अजून एक न्यायचा आहे, ते शाल्मलीला म्हणाले, तोही डावीकडेच गप्प होतो, जरा येऊन बघतेस का? पुढच्या बनावटीत मानेला रबरी झाकण बसवा असं ते वर कळवणार होते. वरचे ऐकतील की नाही ते माहीत नाही, पण नारळ ऐकणार नाहीत एवढं नक्की.

पुढच्या खंडेनवमीला खंडोजीच्या कपाळावर कोरडं कुंकू लावायचं आणि नारळ अंगणात फोडायचा, असं आईने तिथल्या तिथे ठरवलं. खंडोजीने त्याला अनुमोदन दिलं. मग तो डावीकडे वळला, छताच्या त्या कोपऱ्याकडे बघितलं जिकडे पंधरा दिवस त्याचं कोणी ऐकलं नव्हतं, आणि जळमटांबद्दल बोलायला लागला.

शाल्मलीने क्रोशाची सुई खिशात घातली आणि चप्पल शोधू लागली.